कारणाचा रकाना

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

आज आगेरा, नव्या पिकाचा सण. चर्चमध्ये नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद झाला. फादरांचं प्रवचन लांबलं, ऊन कडक. दुपारी घरचा कार्यक्रम. सहा महिने झालेल्या बाळाला दुधानंतरचा पहिला घास आगेऱ्याच्या दिवशी आपल्याच वाडीतल्या राजेळी केळ्याचा द्यायचा आणि तो घरातल्या सर्वांत मोठ्या पुरुषाने द्यायचा, ही आमच्या घरातली रीत. मला माझ्या आजाने दिला, माझ्या मुलाला, ॲल्रॉयला, माझ्या बापाने. आज मी नातीला, जोआनाला दिला.

पोरीने तोंड असं वाकडं केलं की सगळे हसायला लागले. पहिला घास थुंकून टाकला. सून रोवेना म्हणाली, "पप्पा, नको असेल तिला तर राहू दे ना. फोर्स नका करू." मी म्हटलं, भुईगावच्या पोरीला केळं नको, असं कधी झालंय का? दुसऱ्यांदा बोट आत घातलं तेव्हा गिळलं. टाळ्या झाल्या.

संध्याकाळी दोन उलट्या. कारण: ऊन आणि पाहुण्यांची उचलाउचल.

(चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनवर काढली. तारीख, वेळ, तक्रार, कारण असे चार रकाने रोज भरले. निवृत्तीनंतर ती सवय या वहीत आली. बायको, कार्मिन, म्हणते, घरात काय बिघडलं ते या माणसाला माझ्याआधी वहीला सांगायचं असतं.)

बुधवार, ९ ऑक्टोबर

सकाळी अर्धं केळं कुस्करून. तोंड घट्ट मिटून बसली. कार्मिनने गाणं म्हटलं, मी घास सरकवला. पाऊण तासाने उलटी, अंग घामाने ओलं, मग गुंगल्यासारखी झोप. कारण: दात येत असावेत.

शेजारचा व्हॅलेरियन कुंपणावरून म्हणाला, "फ्रेडी, कोन घाबरते रे? माझ्या चार पोरांनी ओकून ओकून अंगण भरलं होतं." खरं आहे, मी पाहिलं आहे.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आज केळं दिलंच नाही, तरी उलटी. म्हणजे केळ्याचा संबंध नाही हे सिद्ध झालं. रोवेनाला मुद्दाम सांगितलं. ती खाली बघून बाटल्या धूत राहिली. गणिताची प्राध्यापिका आहे, पुरावा दिला की गप्प बसते.

पोट शांत व्हावं म्हणून कार्मिनने ग्राइप वॉटर दिलं. तेही ओकली. कारण: वारा.

शनिवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. दफनभूमीत गेलो, आईबापाच्या कबरीवर झेंडूचे हार घातले. क्लेमेंटसाठीही मेणबत्ती लावली. माझा धाकटा भाऊ, दहा महिन्यांचा असताना गेला. मी चार वर्षांचा होतो, फार आठवत नाही. आई म्हणायची, इतकं गोरं-गोमटं पोर होतं, दृष्ट लागली.

घरी आलो तर रोवेनाने जाहीर केलं: उद्यापासून जोआनाला फक्त तिचं दूध, मीठ घातलेली तांदळाची पेज आणि अंड्याचा बलक. फळं बंद, बाळाची बिस्किटं बंद, ग्राइप वॉटर बंद. मी विचारलं, कुठल्या डॉक्टरने सांगितलं? "कोणी नाही, पप्पा. मलाच वाटतं." मलाच वाटतं! पंचवीस, अठ्ठावीस, एकतीस ऑक्टोबरलाही केळं न देता उलटी झाली, तिन्ही नोंदी या वहीत आहेत. आमच्या घरात तीन पिढ्या केळ्यावर वाढल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. हे सगळं मोबाइलवर वाचून येतं. बोळिंजची शहाणी.

ॲल्रॉय बायकोच्या बाजूने. अपेक्षा नव्हतीच.

रविवार, १० नोव्हेंबर

आठ दिवस उलटी नाही. दात वर आले असणार. पण पोर पेजेवर कशी वाढायची? गालाची हाडं दिसतात. कार्मिन म्हणते, तू मध्ये पडू नको. मी मध्ये पडत नाही, मी विचार करतो आहे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

रोवेना कॉलेजला, कार्मिन बाजारात. मागच्या मोसमातली सुकेळी डब्यात होती. राजेळी आठवडाभर उन्हात सुकवून केळीच्या सोपटात बांधलेली. अशी ताकदीची वस्तू दुसरी नाही. अर्धं सुकेळं कोमट दुधात भिजवलं, गाळून चार चमचे दिले. रडली. पण पोटात गेलं. चार चमचे म्हणजे कमी नाही.

दुपारी उलटी. कार्मिनला सांगितलं, खोकल्यातून निघाली. कारण: सवय मोडली होती.

सोमवार, १८ नोव्हेंबर

एकदम चार नकोत म्हणून गेल्या बुधवारी दोन चमचे, शुक्रवारी तीन, आज चार. रोवेना कॉलेजला गेली की अकराच्या सुमारास. प्रमाण हळूहळू वाढवतो आहे, लाइनवर दाब एकदम टाकायचा नसतो. उलट्या पुन्हा सुरू. रोवेना रडत होती की मी पेजेत काय चुकवते आहे. मी म्हटलं, चुकत नाही गं, तुझी घाई होते. तिने चमचा टेबलावर आपटला आणि खोलीत गेली. कारण: रोवेना.

रविवार, २४ नोव्हेंबर

रोवेना जोआनाला घेऊन आईकडे बोळिंजला गेली. दोन आठवडे म्हणते. कॉलेजला तिकडूनच जाणार. जाताना कार्मिनच्या गळ्यात पडली, मला "येते पप्पा" एवढंच. घरात आवाज नाही. वाडीत काम भरपूर आहे म्हणून बरं.

रविवार, ८ डिसेंबर

आल्या. जोआनाचे गाल भरले आहेत, मला बघून हात पुढे केले. दोन आठवड्यांत एकही उलटी नाही, असं रोवेना चारदा म्हणाली. विहीणबाई शिकलेल्या नाहीत, पण पेज छान करतात म्हणे. करत असतील. तिकडचं पाणी मानवलं असेल.

एक मात्र सांगितलं पाहिजे: तिचे ते हात बघून मला भरून आलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

बोळिंजच्या पेजेने जे झालं ते आपल्या सुकेळ्याने दुप्पट व्हायला हवं. नाताळला सगळे नातेवाईक येतील, पोर कशी तजेलदार दिसली पाहिजे. काल पूर्ण सुकेळं, आज पूर्ण सुकेळं. आज फारशी रडलीही नाही. नुसती माझ्याकडे बघत होती.

शनिवार, १४ डिसेंबर

तीन दिवस उलट्या. पोट टरटरलेलं. आज उजेडात बघितलं तर डोळ्यांत पिवळं. कार्मिन मीठ-मिरच्या ओवाळायला उठली. रोवेना म्हणाली, "मम्मी, प्लीज, आता नाही," आणि ॲल्रॉयला रिक्षा आणायला पाठवलं. वसईच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सरळ मुंबईला न्यायला सांगितलं.

कारण:

सोमवार, १६ डिसेंबर

मुंबईच्या हॉस्पिटलात. रस्त्यात पोरीला झटका आला. रक्तातली साखर अगदी तळाला गेली होती. यकृत सुजलं आहे. हातात सुई, नाकात नळी. एवढीशी पोर त्या पांढऱ्या चादरीवर अजूनच एवढीशी दिसते. रोवेना दोन दिवस खुर्चीवरून उठलेली नाही.

डॉक्टर म्हणतात, जंतुसंसर्ग असेल, किंवा यकृताचा जन्मजात काही आजार. तपासण्या चालू. सध्या तोंडाने काही नाही, फक्त ग्लुकोजची बाटली.

बुधवार, १८ डिसेंबर

जरा बरी. झटका पुन्हा नाही. काही न खाता पोर बरी होते, हे कसं?

गुरुवार, १९ डिसेंबर

आज डॉ. वसुंधरा नावाच्या बाई आल्या. अशा विरळ आजारांच्या तज्ज्ञ आहेत म्हणे. ठेंगण्या, आवाज मऊ, प्रश्न मात्र एकामागून एक. "जन्मापासून काय काय पोटात गेलं, कधी गेलं, ते सांगा. चाटलेलंसुद्धा. औषधसुद्धा." रोवेनाने सांगितलं: ऑक्टोबरात थोडे दिवस फळं, मग उलट्या होतात म्हणून बंद केली. तीन नोव्हेंबरपासून फक्त आईचं दूध, पेज, बलक. मग नोव्हेंबरमध्ये मध्येच उलट्या पुन्हा सुरू झाल्या, बोळिंजला थांबल्या, घरी आल्यावर पुन्हा.

डॉक्टरबाईंनी कपाळाला आठी घातली. "दुधाने होत असतं तर जन्मापासून झालं असतं. तुम्ही सांगता ते खाणं आणि हे आजारपण जुळत नाही. घरात काही बदललं होतं का? कोणी काही देत होतं का?"

रोवेना म्हणाली, "नाही, डॉक्टर. मी कॉलेजला जाते तेव्हा सासू-सासरे असतात. ते माझ्यापेक्षा जास्त जपतात."

मी तिच्या मागे उभा होतो. बोललो नाही.

मग त्यांनी विचारलं, दोन्हीकडच्या घरांत कधी तान्हं मूल दगावलंय का? ॲल्रॉय म्हणाला, नाही. मी तरीही बोललो नाही. बाई म्हणाल्या, उद्यापर्यंत काही कळलं नाही तर यकृताचा छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. रक्त नीट गोठत नसल्याने त्यात धोका आहे.

कपडे आणायचं निमित्त करून दुपारी घरी आलो. आता वही पुढ्यात आहे. सहा ऑक्टोबरपासून वाचली.

लाइनवर आमचा एक नियम होता. कारण सापडलं नाही तर रकाना कोरा ठेवायचा. अंदाज लिहिला की पुढचा माणूस भलत्याच खांबावर चढतो. मी अडीच महिने अंदाज लिहिले: ऊन, दात, वारा, सवय. एका दिवशी तर सुनेचं नाव लिहिलं आहे. आणि खरं कारण दर वेळी तक्रारीच्या रकान्यात माझ्याच अक्षरात बसलं आहे, चमच्यांच्या हिशेबासकट.

क्लेमेंटही आगेऱ्यानंतरच गेला होता. आई सांगायची, नव्या तांदळाच्या खिरीचा वास घरात होता.

शुक्रवार, २० डिसेंबर

सकाळी कोऱ्या कागदावर फक्त तारखा आणि प्रमाण उतरवून घ्यायला बसलो. बाकीचं कुणी वाचायची गरज नव्हती. निम्मं झाल्यावर ताळा करून पाहिला तर अकरा आणि बारा डिसेंबर मी गाळले होते. चुकून नाही. अर्धं खरं सांगून पोर बरी होईल का? कागद फाडला आणि वहीच उचलली.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा रोवेना बाकावर एकटी होती. तिच्या हातात वही दिली. म्हटलं, "तू घरी नसताना मी तिला सुकेळं द्यायचो. यात सगळं आहे. तुझ्याबद्दलही आहे, तेही वाचावं लागेल." ती उठली.

तिने उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. एका पानावर थांबली, पुन्हा वाचलं. मग सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. अर्ध्या तासाने मला आत बोलावलं. बाईंनी पानांचे फोटो काढून घेतले होते. क्लेमेंटचं विचारलं, आठवलं तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, हे आधी हवं होतं. पण आलं हे महत्त्वाचं." यकृताचा तुकडा काढायचं थांबवलं. रक्ताची एक तपासणी बाहेर पाठवली आहे.

बाईंचा कयास असा: फळांतली गोडी आणि उसाची साखर या पोरीचं शरीर मोडू शकत नाही. ती यकृतात साचते आणि विष होते. वीस-पंचवीस हजारांत एखादं मूल असं निघतं. केळं, चिकू, मध, गूळ, साखर घातलेलं औषध, सगळं वर्ज्य, जन्मभर. ती तोंड मिटत होती ते यासाठी. सहा महिन्यांच्या पोरीला जे कळलं ते तिला सांगता येत नव्हतं, असं नाही. ती सांगतच होती.

हे सुट्या कागदावर लिहितो आहे. वही रोवेनाकडे आहे.

बुधवार, २५ डिसेंबर

नाताळ हॉस्पिटलात. डोळ्यांतलं पिवळं गेलं. जोआनाने पेज खाल्ली आणि चमचा धरून ठेवला, सोडेना. कार्मिनने घरून नाताळचे फुगे, मैद्याचे गोड गोळे, तळून आणले होते, ते आम्ही बाहेर जिन्यावर खाल्ले, एकेकाने. रोवेना माझ्याशी बोलत नाही. माझ्यासमोरून जाताना थांबतही नाही. मी बोलायला तोंड उघडतो आणि खोकतो.

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

काल रिपोर्ट आला, डॉक्टरबाईंचंच बरोबर. आज घरी आणलं. संध्याकाळी ॲल्रॉय वाडीत आला. मी केळीची सुकी पानं काढत होतो. पायाने माती उकरत म्हणाला, "पप्पा, तुम्हाला वाईट वाटेल. पण सध्या जोआनाजवळ तुम्ही एकटे नको, असं ठरलंय. मम्मी असेल तेव्हा घ्या तिला."

"रोवेनाने ठरवलं?"

"दोघांनी."

मी म्हटलं, बरोबर आहे. बरोबर आहेच. पण पंचवीस वर्षं ज्या घराच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, त्या घरात एक पोर माझ्यापासून जपून ठेवतात, हे सोसायला जड आहे. कोयत्याने पुढची चार पानं मी हिरवीच छाटली.

रविवार, १९ जानेवारी

स्वयंपाकघर बदललं. साखर, गूळ वरच्या कपाटात, कुलपात. बिस्किटांचे डबे व्हॅलेरियनकडे गेले. तो म्हणाला, "एक केळं पन चालत नाय? भुईगावात राहून?" कार्मिनने त्याला असं झापलं की कुंपणापासून घरापर्यंत तो मागे बघत गेला. जोआनाला भात, अंडं, चिकन, बोंबील, पापलेट, पालक, दूध सगळं चालतं. बोंबील तर हाताने ओढून खाते. बाई म्हणाल्या, पथ्य पाळलं तर बाकी पोर धडधाकट. दातही कधी किडणार नाहीत म्हणे.

मी तिला बघतो, कार्मिन समोर असताना. वीस मिनिटं, अर्धा तास. मग कार्मिनला काम असतं आणि मी उठतो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दुपारी जेवून उठलो तर माझ्या पलंगावर वही ठेवलेली. दोन महिन्यांनी परत आली.

उघडली. रोवेनाने हिरव्या शाईने लिहिलं आहे, बारीक, ठसठशीत, वर्गात फळ्यावर लिहीत असेल तसं. प्रत्येक उलटीला गोल करून क्रमांक घातला आहे. "बोळिंजची शहाणी" याच्या शेजारी एकच शब्द: वाचलं. "कारण: रोवेना" याच्या शेजारी काहीच नाही; शाईचा एक ठिपका, पेन बराच वेळ टेकवून ठेवल्यासारखा.

आणि बावीस ऑक्टोबर. मी लिहिलं होतं, आज केळं दिलंच नाही तरी उलटी, म्हणजे संबंध नाही. त्याखाली हिरव्या शाईत: "त्या दिवशी सफरचंद शिजवून मी दिलं होतं. पाव वाटी. तुम्हाला खोटं ठरवायचं होतं; फळ तिला चालतं, फक्त तुमचं केळं चालत नाही, हे दाखवायचं होतं. कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनाही वीस डिसेंबरनंतरच सांगितलं." पुढे पंचवीस ऑक्टोबर, सफरचंद. अठ्ठावीस, पेर. एकतीस, पुन्हा सफरचंद. त्या चारही दिवशी माझ्या नोंदी आहेत, आणि चारही दिवशी मी जिंकल्यासारखं लिहिलं आहे.

तिच्या रडण्याचा, बाटल्या धुताना खाली बघण्याचा मी काय अर्थ लावला होता! दोन माणसं त्या पोरीच्या तोंडातून एकमेकांशी भांडत होती.

तिला शोधायला गेलो. अंगणात कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "वाचलं." ती म्हणाली, "हं." दोघांनी मिळून चादर झटकली, घडी घातली.

सोमवार, ३ मार्च

बारावीच्या परीक्षा चालू आहेत, रोवेनाला सुपरव्हिजन. कार्मिनला सकाळी नायगावला बहिणीकडे जावं लागलं, बहीण बाथरूममध्ये घसरून पडली. ॲल्रॉय ऑफिसात. मी समजलो, रोवेना बोळिंजला फोन करेल. तिने फोन हातात घेतला, ठेवला. मग जोआनाला माझ्या मांडीवर आणून बसवलं.

"पप्पा, भात-पालक डब्यात आहे. एक वाजता. चार वाजता दूध. बाकी काही नाही. मी साडेपाचला येते."

मी म्हटलं, "काही नाही देणार."

ती म्हणाली, "मला माहितीये." आणि रिक्षा थांबवायला धावली.

आत्ता तीन वाजले आहेत. एक वाजता वाटीभर भात-पालक, पूर्ण संपवला. पाणी सहा चमचे. उलटी नाही, घाम नाही. जेवल्यावर माझं चष्म्याचं घर चावलं, ते धुऊन घेतलं. दोन वाजता झोपली, डावा हात माझ्या बनियनमध्ये अडकवून. मी उजव्या हाताने लिहितो आहे.

रोवेना, तू ही वही आता वाचतेस हे मला माहीत आहे. तुझ्यासमोर उभा राहिलो की मला खोकला येतो, म्हणून इथे लिहितो. सफरचंदाचं तू लिहिलंस ते मला हलकं वाटावं म्हणून, हे मला कळलं. पण ते चार दिवस तुझे, आणि बाकीचे सगळे माझे. तू बंद कर म्हणालीस तेव्हा तुझंच खरं होतं, आणि मी ते मोडलं, कारण ते तू म्हणाली होतीस. पोर मेली असती. मला माफ कर. येताना घाई करू नकोस, ती झोपली आहे, मी हललेलो नाही.